सुंदर गावच्या फाईलीतले आमचे आठ महिने

मासिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ नावाचा एक प्रकार असतो. अजेंडा संपलेला असतो, चहा येऊन गेलेला असतो, निम्मे सदस्य चपला शोधत असतात आणि तेवढ्यात ग्रामसेवक भाऊसाहेब पिशवीतून एक कागद काढतात. गेल्या जुलैच्या १८ तारखेला असाच एक कागद निघाला. आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव स्पर्धेत भाग घ्यायचा, स्वतःच स्वतःला गुण द्यायचे आणि पुराव्यांसह प्रस्ताव पंचायत समितीत पोचवायचा. सरपंच तात्या म्हणाले, “घ्या की भाग. आबा आपल्याच बाजूचं. वैनी, तुमास्नी कंप्युटर येतो, तुमी बघा.”

झालं. मी नऊ सदस्यांपैकी एक, महिला राखीव जागेवरून बिनविरोध आलेली, बी.कॉम. झालेली आणि त्याआधी फाईल म्हणून फक्त मुलाच्या शाळेच्या दाखल्यांची बाळगलेली. गाव माणदेशातलं, सातारा, सांगली आणि सोलापूर एकमेकांना टेकतात त्या कोरड्या टापूतलं. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळे आमच्याकडे हा पुरस्कार जरा घरचाच वाटतो. पुढच्या आठ महिन्यांत मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मी धावपळ वाचली असती, म्हणून लिहितेय.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण आमच्या सभेतही दोन दिवस हाच गोंधळ चालू होता. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान वेगळं. ते २००० साली आबा ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालं. आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीवर त्या काळातला खराटा अजून पुसट दिसतो. सुंदर गाव ही दुसरी वाट. २०१० साली पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली, लोक तिला इको व्हिलेज म्हणायचे. २०१६ मध्ये तिचं स्मार्ट ग्राम झालं आणि पुढे त्याला आबांचं नाव दिलं गेलं. तालुक्यातून एकच गाव निवडतात आणि त्याला १० लाख मिळतात. मग तालुक्यातली पहिली गावं जिल्ह्यासाठी भिडतात. दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. हे मी पहिल्या पानावरच वाचलं होतं, तरी मनात कुठेतरी ‘दुसरा आला तरी पाच मिळतील’ असं चालूच होतं.

त्याच रात्री मोबाईलवर आलेली गुणपत्रिका उघडून बसले. पाच भाग: स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा आणि पर्यावरण, पारदर्शकता आणि तंत्रज्ञान. सगळे मिळून १०० गुण. एकेका प्रश्नापुढे गुण टाकत गेले आणि साडेअकराला बेरीज आली ८१. मला तर झोपच लागेना. सकाळी उत्साहानं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. “प्लास्टिकबंदीला पैकीच्या पैकी?” त्यांनी विचारलं. “मग काल मटकी कशात आणलीस?”

राज्यात प्लास्टिकबंदी मार्च २०१८ पासून आहे. आमच्या ग्रामपंचायतीचा तसा ठरावही आहे, त्याची प्रत मी फाईलीला लावणार होते. मटकी मात्र निळ्या पिशवीत आली होती.

मग तीच गुणपत्रिका घेऊन ग्रामपंचायतीच्या शिपायाबरोबर दोन दिवस गावात फिरले. शाळेच्या मुलींच्या शौचालयाला कडी नव्हती. अंगणवाडीत नळ होता, पण पाणी बादलीनं आणावं लागत होतं. घरोघरी संडास बांधलेले होते, पण आशाताईंबरोबर दारं उघडून पाहिली तर अकरा ठिकाणी आत सरपण आणि एका ठिकाणी बेंदराच्या बैलांचे झूल ठेवलेले. बेरीज ५४ वर आली. स्वमूल्यांकन एकदा बसून करा आणि एकदा चालून करा. दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढं तुमचं काम.

दायित्व हा भाग मी सोपा समजले होते. त्यात ग्रामपंचायत आपली देणी-घेणी कशी पाळते ते पाहतात. घरपट्टी, पाणीपट्टी किती वसूल होते, पाणीपुरवठ्याचं आणि पथदिव्यांचं वीजबिल वेळेवर भरलं जातं का, स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च होतात का, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची पूर्तता झाली का, ग्रामसभा होतात का. आमची घरपट्टी वसुली ६१ टक्के होती. भाऊसाहेबांनी नमुना ९ काढला, म्हणजे कर मागणीचं रजिस्टर, आणि मी थकबाकीदारांची यादी उतरवून घ्यायला लागले. चौदाव्या ओळीत माझ्याच सासऱ्यांचं नाव. ३,८७० रुपये. जुन्या गोठ्याला घर म्हणून आकारणी लावली यावरून मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चार वर्षं रुसून पट्टी भरलेली नव्हती, आणि घरात हे फक्त मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या भिशीतले पैसे भरून पावती फाडून घेतली. यादी ग्रामसभेत वाचायची तर आधी स्वतःचं नाव त्यातून निघालेलं बरं.

१५ ऑगस्टची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. नियम असा की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे हवेत. झेंडावंदनाला तीनेकशे माणसं होती, जिलेबी वाटून झाल्यावर ६४ उरली. २२ तारखेला तहकूब सभा घेतली, तिला कोरम लागत नाही. ४१ जण आले, त्यात बचत गटाच्या बायका २६. वसुलीचा विषय निघाला तेव्हा एका आजोबांनी पाटोद्याचं काढलं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात पट्टी पूर्ण भरणाऱ्याला दळण फुकट मिळतं, हे बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिलेलं. आपणही गिरणी घालू, असा सूर लागला. घातली नाही, कारण गिरणीला जागा, वीज आणि माणूस कुठून आणायचं यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पण बायकांनी घरोघर जायचं ठरवलं, आणि त्या गेल्या. डिसेंबरअखेर वसुली ८३ टक्क्यांवर आली. पुरुष सदस्य गेले की लोक हिशेब विचारायचे. बायका गेल्या की चहा विचारायचे आणि मग पैसे द्यायचे. असं का, ते तुम्हीच ठरवा.

सांडपाण्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं, आणि सगळ्यात जास्त वास दिला. आमच्याकडे तीन गल्ल्यांत उघडी गटारं नव्हती, कारण गटारच नव्हतं. पाणी रस्त्यावर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घराघरापुढे शोषखड्डे करून गटारंच संपवली, ते मॅजिक पीट म्हणून राज्यभर गाजलेलं. आम्ही तसंच करायचं ठरवलं. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवतीनं दगड-गोटे, वरून झाकण. रोजगार हमीतून करायचं म्हणून मागणीही दिली. पण तांत्रिक मंजुरीची वाट बघत बसलो असतो तर पावसाळा गेला असता. म्हणून पहिले सहा लोकवर्गणी आणि श्रमदानातून केले. एक साधारण १,९०० रुपयांना पडला. खोदाईची मजुरी वजा, कारण खोदलं घरच्यांनीच. आमचा मुरूम पाणी छान पितो, त्यामुळे पहिला आठवडा लोक खड्डा बघायला यायचे.

तिसऱ्या आठवड्यात सहाच्या सहा तुंबले.

कारण कळायला मला दोन दिवस लागले, सासूबाईंना दोन मिनिटं. आमच्याकडे अजून निम्म्या घरांत भांडी राखेनं घासतात. राख, भाताची शितं, साबणाचा गाळ, सगळं टाकीत जाऊन भोकं बुजली होती. मग प्रत्येक खड्ड्याच्या आधी एक छोटं विटांचं चेंबर बांधलं आणि त्यात जाळी टाकली. गाळ तिथेच बसतो, आठवड्यानं काढायचा. त्यानंतरच्या ३७ खड्ड्यांपैकी दोनच पुन्हा उघडावे लागले. तुम्ही करणार असाल तर चेंबर सोडू नका, आणि विहीर किंवा हातपंप जवळ असेल तिथे खड्डा घेऊ नका.

इथे एक चूक झाली, तिनं गुण खाल्ले. खड्डे करण्याआधीचे गल्लीचे फोटो आम्ही काढलेच नाहीत. चिखलाचा फोटो कोण काढतं? नंतरचे फोटो शंभर होते, स्वच्छ रस्त्याचे. पण रस्ता आधी कसा होता हे दाखवायला काही नाही. शेवटी एका पोरानं गणपतीच्या मिरवणुकीच्या जुन्या व्हिडिओतून एक चौकट काढून दिली. तीत मूर्तीपेक्षा डबकं मोठं दिसत होतं. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर तारीख आणि ठिकाण उमटतील अशी सोय करून फोटो काढून ठेवा. आणि फोटोत खराटा हातात धरून पुढे कोण उभं राहतं आणि खरंच झाडलं कुणी, यावर मी काही बोलणार नाही. फाईलीतल्या एकूण एक फोटोत तात्या आहेत.

कचऱ्याचं त्या मानानं सोपं गेलं. शाळेमागे दोन नाडेप टाक्या बांधल्या, १० फूट बाय ६ फूट, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीला हवेसाठी भोकं ठेवून. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच नाडेप. पालापाचोळा, शेण आणि मातीचे थर देऊन लिंपायचं आणि तीन-चार महिने विसरून जायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्याच, निधीतून स्वच्छतेवर खर्च करता येत होता, त्यातून हे बसलं. मुलांना गोडी लागली, त्यांनी टाक्यांना नावं ठेवली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

तरुण मंडळाला मात्र गावाच्या वेशीवर ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी दिव्यांची अक्षरं हवी होती. कोटेशन ३८,००० रुपयांचं. त्यावरून एक पूर्ण मासिक सभा वाहून गेली. मी विरोध केला, हरले, आणि पोरांनी वर्गणी काढून ती अक्षरं लावली. आता पुण्या-मुंबईहून आलेलं प्रत्येक कुटुंब तिथे थांबतं. गुण शून्य, पण पोरं त्यानंतर श्रमदानाला यायला लागली, तेव्हा मी तोंड मिटून घेतलं.

आता झाडं.

ग्रामपंचायतीत १ ते ३३ असे नमुने असतात आणि शेवटचा, ३३ नंबरचा नमुना म्हणजे वृक्ष नोंदवही. आमची नोंदवही नवी कोरी होती. एक कागद मात्र होता. मागच्या चार पावसाळ्यांत मिळून १,१४० झाडं लावल्याचा अहवाल, वेळोवेळी वर पाठवलेला. सप्टेंबरच्या एका रविवारी सातवीची २२ मुलं, गुरुजी आणि मी गायरानापासून स्मशानापर्यंत झाडं मोजत गेलो. मुलांनी प्रत्येक जिवंत झाडाला चुन्याचा ठिपका दिला. दुपारी एकपर्यंत मोजणी संपली. २८६.

मी आकडा सांगितला तेव्हा भाऊसाहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. आमचे भाऊसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडे आमच्यासकट तीन गावांचा कारभार आहे आणि ते दुपारचं जेवण मोटारसायकलवर करतात. ते म्हणाले, “वहिनी, २८६ लिहिलं तर उरलेली कुठं गेली ते मला विचारतील. १,१४० लिहिलं तर कुणीच काही विचारणार नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर दोन दिवस मीही १,१४० च्याच बाजूची होते. तालुक्यातली बाकीची गावं काय मोजून लिहिणार होती? शिवाय चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मेलेल्या झाडांसाठी या माणसानं का उत्तर द्यावं?

तोड गुरुजींनी काढली. म्हणाले, दोन्ही लिहा. नोंदवहीत लागवड १,१४०, आजमितीस जिवंत २८६, आणि नष्ट झाल्याची कारणं वेगळ्या रकान्यात: पाण्याअभावी, जनावरांमुळे, रस्ता रुंदीकरणात. आणि हे सगळं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्या, म्हणजे एकट्या भाऊसाहेबांच्या अंगावर येणार नाही. तसंच केलं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळायला वेळ लागला, कारण कारणांच्या रकान्यात ‘जनावरांमुळे’ असं होतं आणि ती जनावरं कुणाची हे सगळ्या सभेला माहीत होतं. शेवटी ज्यांच्या शेळ्या सगळ्यात जास्त, त्याच आजींनी हात वर केला. “लिव्हा माझं नाव. माझीच खात्यात.”

असे जुने आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीत असतात. ते खोडू नका आणि पुढेही रेटू नका. खाली आजचा आकडा तारखेसह लिहा आणि सभेचा ठराव घ्या.

नोव्हेंबर पूर्ण फाईलीत गेला. आमच्या आपले सरकार सेवा केंद्रातला ऑपरेटर पोरगा रात्री आठनंतर मोकळा व्हायचा, तेव्हा आम्ही स्कॅनिंगला बसायचो. वीज जाऊ नये म्हणून तो देवाला नाही, ट्रान्सफॉर्मरला नमस्कार करायचा. तालुक्याच्या गावाला मी पाच फेऱ्या मारल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं प्रवासाचं फार वाटलं नाही, पण रंगीत प्रिंटचं वाटलं. दोन प्रतींचे ४,१८० रुपये झाले. पहिल्यांदा नेली तेव्हा फाईल परत आली, कारण पानांना क्रमांक नव्हते आणि अनुक्रमणिका नव्हती. दुसऱ्यांदा परत आली, कारण झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा ज्यांच्याकडे द्यायची ते साहेब प्रशिक्षणाला गेले होते. चौथ्यांदा घेतली, पण पोच द्यायला टेबलावर कुणी नव्हतं. मी पोच मिळेपर्यंत बाकावर बसून राहिले. पावणेदोन तास, आणि त्यात शेजारच्या गावच्या एका सदस्य ताईंशी ओळख झाली. त्यांनी एक फार कामाची गोष्ट सांगितली. फाईल गुणपत्रिकेच्या क्रमानं लावायची, एकेका मुद्द्यापुढे रंगीत खूणपट्टी चिकटवायची आणि त्या मुद्द्याचा पुरावा त्याच ठिकाणी ठेवायचा. आमचे ठराव एकीकडे, फोटो दुसरीकडे आणि पावत्या तिसरीकडे होत्या. पाचवी फेरी त्यासाठी. २१२ पानं पुन्हा लावली.

या प्रिंटचा खर्च कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरात टाकायचा, यावर भाऊसाहेब आणि मी आधी भांडलो, मग सादिलवार, म्हणजे किरकोळ खर्चात बसवला.

तपासणी समिती दुसऱ्या तालुक्यातली असते, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. ही पद्धत मला आवडली. तारीख मात्र आवडली नाही. आधी ९ जानेवारी सांगितली, मग १५, मग १९. तीनदा सडा-रांगोळी झाली, तीनदा शाळेच्या मुलांनी स्वागतगीत पाठ म्हटलं. २३ तारखेला सकाळी दहाला फोन आला की गाडी फाट्यावर आहे. रांगोळी नाही, फेटे नाहीत, तात्या दाढी न केलेले. त्यातल्या त्यात माझं नशीब की फाईल घरातच होती.

पाच जण होते. कार्यालयात ते चाळीस मिनिटं बसले आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी बारकाईनं दप्तर पाहिलं. दिव्यांग निधीचा खर्च झालेला होता, पण दोन लाभार्थ्यांच्या पोचपावत्या फाईलीत नव्हत्या, घरी राहिल्या होत्या. पळत जाऊन आणल्या. मग ते गावात निघाले आणि पहिली नजर गेली पाण्याच्या टाकीवर. टाकीवर ऑइलपेंटनं ‘टाकी धुतल्याचा दिनांक’ आणि खाली ‘पुढील दिनांक’ लिहिलेलं असतं ना? आमचा पुढील दिनांक होता २ जानेवारी. टाकी धुतली होती, मी स्वतः वर चढून पाहिलं होतं. पण तारीख बदलायला रंगारी मिळाला नव्हता, म्हणून जुनीच राहिली. पाणी सोडणारे मामा सांगत होते, “धुतलीया साहेब, आईशप्पत धुतलीया.” साहेबांनी फक्त लिहून घेतलं.

पुढे ओटी टेस्ट. जलसुरक्षक नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, औषधाचे थेंब टाकतो, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाला पिवळं झालं. मधल्या आळीत फिकट पिवळं झालं. समितीतल्या बाईंनी शेवटचं घर दाखवा म्हटलं, ते वस्तीवर, टाकीपासून सव्वा किलोमीटर. तिथे पाणी पांढरंच राहिलं. नंतर शोधलं तेव्हा कळलं, टीसीएल पावडरचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं तोंड उघडं ठेवून पंपाच्या खोलीत पडलं होतं. उघड्यावर, दमट जागेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि राहतो तो चुना. रजिस्टरमध्ये रोज पिवळं लिहिलेलं, कारण रोज टाकीजवळच्या नळाचंच पाणी तपासलं जायचं. मला या गोष्टीची पुरस्कारापेक्षा जास्त धास्ती वाटली. त्या वस्तीवर १४ घरं आहेत आणि माझी नणंद तिथेच दिली आहे. आता पावडर झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात असते (६५० रुपये, दोन पिंपं) आणि ओटी शेवटच्या नळावर होते.

झाडांकडे मी स्वतःहूनच नेलं, म्हटलं होऊन जाऊ दे. एका साहेबांनी ३३ नंबरची वही उघडली, कारणांचा रकाना वाचला, ‘जनावरांमुळे’ वर जरा थांबले. मग गायरानाच्या रस्त्याकडेच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथे ४२ लिहिलं होतं, आणि चालत मोजायला लागले. मी मागे. ४० भरली. मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये ४२ होती. ते म्हणाले, “बरं.” एवढंच. त्या ‘बरं’ला किती गुण मिळाले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवण आमच्याकडेच झालं, ऐनवेळी. शेजारच्या दोघीजणी मदतीला आल्या. भाकरी, शेंगदाण्याचं म्हाद्या, मटकीची उसळ. ड्रायव्हर धरून सहा आणि आमचे दहा-बारा. वाण्याचं आणि दुधाचं बिल मी दिलं. २,३५० रुपये.

निकाल फेब्रुवारीच्या शेवटी व्हॉट्सअॅपवर आला. कुणीतरी ढकललेला, पत्र नंतर आलं. आम्ही तालुक्यात तिसरे. मी स्वमूल्यांकनात शेवटी ७४ दिले होते, समितीनं ६८ दिले. पहिल्या गावाला ८३. पत्रात नुसता क्रमांक होता. मुद्देनिहाय गुण हवे असतील तर साधा अर्ज करा. मी केला, बारा दिवसांत कागद मिळाला. सगळ्यात जास्त गुण गेले सौरऊर्जेत. आमचे पथदिवे एलईडी आहेत, पण सौर एकही नाही आणि गोबरगॅस चालू असलेले फक्त नऊ. मग पाणी, मग प्लास्टिक. सासूबाईंनी कागद वाचायला सांगितला आणि प्लास्टिकच्या ओळीशी आल्यावर काही म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस ग्रामपंचायतीकडे फिरकले नाही. ‘एवढं राबून तिसरं’ असं पारावर बोललं गेलं ते कानावर आलंच. मार्चमध्ये आम्ही बचत गटाच्या अकरा जणी वर्गणीची जीप करून पहिल्या आलेल्या गावाला गेलो. खरं तर कुठे कमी दिसतंय ते शोधायला. दिसलं ते असं की त्यांच्या पाण्याच्या टाकीवर तारखेसाठी रंग वापरतच नाहीत. एक काळी पाटी तारेनं बांधलेली, बाजूला डबीत खडू. टाकी धुतली की धुणारा माणूसच तारीख बदलतो. मी फोटो काढला. परत आल्यावर आमच्या शाळेतली फुटकी पाटी मागून घेतली. तिच्या फ्रेमला भोक पाडायला सुतारानं वीस रुपये घेतले.

जुलैत पुन्हा पत्र येईल. या वेळी काम वाटून घ्यायचं असं ठरलंय. दप्तर एकाकडे, फोटो एकीकडे आणि झाडं शाळेकडे. पंधरा दिवसांपूर्वी मुलांनी मोजणी केली, २७१ भरली. शेळ्यांच्या आजींनी यंदा गायरानाच्या कडेला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून दिलं आणि त्याचा फोटो काढू दिला नाही.

आणि ते जेवणाचे २,३५०. प्रमाणक, म्हणजे व्हाउचर लिहून, वाण्याची पावती जोडून मी फेब्रुवारीतच दिलंय. परवा भाऊसाहेबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, हेड शोधतोय.”